महामार्ग चौपदरीकरण: ३ए ची अधिसूचना निघाली आहे. जुन्या वडांची रांग वाचवायची तर हरकत कुठे, कशी आणि किती दिवसांत?

वडाचीसावली

आमच्या तालुक्यातून जाणाऱ्या दुपदरी राष्ट्रीय महामार्गाचं चौपदरीकरण होणार आहे. लांबी ७० किमीच्या आसपास. सध्याची हद्द कागदावर २४ मीटर, नवीन ४५ मीटर. दोन्ही बाजूंना जुने वड, चिंचा आणि कडुलिंब आहेत. काही भाग नगरपरिषदेच्या हद्दीत येतो, बाकी सगळा ग्रामीण. भूसंपादनाची ३ए ची अधिसूचना, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ३ए खालची जमीन घेण्याच्या इराद्याची घोषणा, राजपत्रात आली आहे.

रुंदीकरणाला आमचा विरोध नाही, अपघात होतात हे मान्य आहे. पण दोन्ही बाजूंची झाडं तोडायलाच हवीत का? प्रश्न असे:

पर्यावरण परवानगीच घेतलेली नाही, या मुद्द्यावर काम थांबू शकतं का? हरकत प्रांताकडे द्यायची की थेट राष्ट्रीय हरित लवादाकडे (पर्यावरणाच्या वादांचं न्यायाधिकरण) जायचं? आणि झाडांच्या मोबदल्यात झाडं लावू, असं लेखी आश्वासन मिळालं तर त्याला काही किंमत आहे का?

---

हरकतदार

आधी तारीख पाहा, बाकी सगळं नंतर. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३सी प्रमाणे हरकतीची मुदत २१ दिवसांची आहे आणि ती राजपत्रातल्या प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजायची. वर्तमानपत्रातली जाहिरात बहुतेक वेळा उशिरा येते. लोक तिच्यापासून दिवस मोजतात आणि मुदत हुकते. ई-गॅझेटवर अधिसूचना उघडा आणि तिच्यावरची तारीख धरा. आणखी एक गफलत नेहमी होते: स्मॉल ए ची, म्हणजे कलम 3(a) ची, अधिसूचना फक्त सक्षम प्राधिकारी नेमण्यासाठी असते, जमीन घेण्याचा इरादा जाहीर होतो तो कॅपिटल ए मध्ये, म्हणजे कलम 3A मध्ये. हरकतीचे २१ दिवस दुसरीपासून.

हरकत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी द्यायची, कारणांसह. हा अधिकारी बहुधा उपविभागीय अधिकारी किंवा विशेष भूसंपादन अधिकारी असतो. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "सुनावणी हवी" हे वाक्य त्यात स्वतंत्रपणे लिहा. प्रत्यक्ष किंवा वकिलामार्फत म्हणणं मांडण्याचा हक्क कलमातच आहे. "झाडं तोडू नयेत, पर्यावरणाची हानी होईल" एवढंच लिहिलेली हरकत दोन ओळींत फेटाळली जाते. गट नंबर, साखळी क्रमांक (रस्त्यावरच्या ठिकाणाचं अंतर), झाडाची जात, घेर आणि पर्यायी आखणी असं लिहिलं तर फेटाळताना कारण द्यावं लागतं, आणि पुढे हायकोर्टात तेच कारण तपासलं जातं.

आता पर्यावरण परवानगी. इथे आशा ठेवू नका, स्पष्टच सांगतो. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत महामार्ग अनुसूचीतल्या ७(एफ) नोंदीत येतात. मूळ अधिसूचनेत रुंदीकरणाची मर्यादा ३० किमी आणि २० मीटर होती. २२ ऑगस्ट २०१३ च्या दुरुस्तीनंतर ती १०० किमीपेक्षा जास्त लांबी, आणि त्याचबरोबर जुन्या आखणीवर ४० मीटरपेक्षा जास्त किंवा बायपास व वळवलेल्या आखणीवर ६० मीटरपेक्षा जास्त जादा जमीन, अशी झाली. तुमचा रस्ता ७० किमी आणि जादा जमीन २१ मीटर. दोन्ही अटींच्या खूप खाली.

मोठ्या रस्त्याचे तुकडे पाडून परवानगी टाळली आहे, असा मुद्दा तुमच्याकडे असेल तर तो वेगळा. तमिळनाडूतल्या विलुप्पुरम–नागपट्टिणम रस्त्याच्या खटल्यात, एनएच ४५ए, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की परवानगी टाळण्याची युक्ती म्हणून प्रकल्पाचे तुकडे करता येणार नाहीत. पण त्याच निकालात, जादा जमीन ४० मीटरच्या आत असल्याने तिथे परवानगीची गरज नाही असंही ठरलं. शिवाय तोडलेल्या झाडांच्या दहापट झाडं लावण्याची जबाबदारी पूर्ण करा, असा आदेश महामार्ग प्राधिकरणाला दिला. म्हणून तुमच्या ७० किमीच्या मागे-पुढे त्याच महामार्गाची दुसरी पॅकेजेस, म्हणजे वेगळ्या कंत्राटांत दिलेले तुकडे, आहेत का, हे तपासा. पण त्याच एका मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

चेन्नई–सेलम आठपदरीच्या निकालात, डिसेंबर २०२०, आणखी एक गोष्ट पक्की झाली: पर्यावरण परवानगी नाही म्हणून ३ए किंवा ३डी ची (जमीन संपादित झाल्याची) अधिसूचना रद्द होत नाही. परवानगी प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधी लागते. म्हणजे भूसंपादनाच्या टप्प्यावर हा मुद्दा काढला तर "अजून वेळ आहे" एवढंच उत्तर मिळतं.

---

साखळीक्रमांक

वरची कायद्याची बाजू बरोबर आहे. मी आखणीबद्दल लिहितो, कारण झाडं वाचतात ती बहुतेक वेळा तिथेच.

दोन्ही बाजूंना सारखं रुंदीकरण केलं की दोन्ही रांगा जातात. सल्लागाराला ते सोपं पडतं: मध्यरेषा तीच राहते, वक्रता तीच राहते, जमीन दोन्हीकडून समान घेतल्याने तक्रारीही विभागल्या जातात. एकतर्फी रुंदीकरणात जुना रस्ता जसाच्या तसा एका दिशेची वाहतूक घेतो आणि पलीकडे नवी पट्टी येते. ३.५ मीटरच्या दोन मार्गिका म्हणजे ७ मीटर, त्यात पक्की आणि मुरमाची साइडपट्टी धरून ही नवी पट्टी साधारण ११ मीटरची होते. एक रांग पूर्ण वाचते. जिथे दुसरी रांगही दाट आहे, तिथे ती दुभाजकात घेता येते. मात्र त्यासाठी दुभाजक रुंद करावा लागतो आणि नवी पट्टी आणखी बाहेर सरकते, म्हणजे त्या बाजूला शेतजमीन जास्त जाते. ही किंमत उघडपणे मांडा. लपवली तर सुनावणीत शेजारचेच शेतकरी तुमच्याविरुद्ध उभे राहतील.

अभियंते याला दोन हरकती घेतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. जाड खोड हा वेगातल्या गाडीसाठी अडथळा असतो, म्हणून धातूचे क्रॅश बॅरिअर आणि पुरेसं अंतर लागतं. दुसरी मातीची. नव्या रस्त्याची पातळी वर जाते आणि भराव खोडाभोवती येतो. अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात. त्यांच्यावर जाड भराव दाबून बसवला की हवा बंद होते आणि झाड दोन-तीन वर्षांत वाळतं. तोपर्यंत ठेकेदार गेलेला असतो आणि कागदावर ते झाड "वाचवलेलं" असतं. म्हणून नुसतं "झाड राखणे" असं न मागता खोडाभोवती दगडी धारक भिंत, मूळ जमीन पातळी कायम आणि रोलर बंदी, असं लिहून मागा. खोडाच्या व्यासाच्या तिपटीच्या आत एका बाजूने गटारासाठी चर खणला तर झाड वाऱ्यात त्याच बाजूला मोकळं होतं. गटाराची जागा नकाशावर आधी पाहा.

माहिती अधिकारात मागायची कागदपत्रं: डीपीआरचा (सविस्तर प्रकल्प अहवालाचा) आखणी नकाशा, आखणीच्या पर्यायांच्या तुलनेचं प्रकरण, झाडांची गणना यादी आणि निविदा निघाली असेल तर कराराची अनुसूची ए व बी. अनुसूची ए मध्ये जागा आणि तिच्यावरची झाडं, बी मध्ये कोणत्या साखळीला कसं रुंदीकरण ते असतं. अनुसूची बी मध्ये एकदा "दोन्ही बाजूंना" छापलं गेलं की नंतरचा प्रत्येक बदल वाढीव काम ठरतो, आणि मग कोणी हात लावत नाही. डीपीआर अंतिम होण्याआधीची सूचना आणि कामाचा आदेश निघाल्यानंतरची सूचना, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सांगली जिल्ह्यातल्या भोसे इथला सुमारे ४०० वर्षांचा वड २०२० मध्ये रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या आखणीतून वाचला तो आखणी थोडी सरकवून. काम चालू असतानाही ते जमलं, कारण मागणी एका ठरावीक ठिकाणाची होती आणि शेजारी सरकायला जागा होती.

---

वडाचीसावली

खूप आभार. यादी करायला घेतो. गावातले काही जण म्हणतात की तालुक्याच्या दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणू, तो लवकर मिळतो. आणि झाडांसाठी पुण्याच्या हरित लवादात जाता येईल ना?

---

हरकतदार

दिवाणी कोर्टाचा नाद सोडा. विशिष्ट साहाय्य कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने २०ए आणि ४१(एचए) ही कलमं आली. पायाभूत प्रकल्पाला उशीर किंवा अडथळा होईल असा मनाई हुकूम देता येत नाही, आणि रस्ते त्या यादीत आहेत. महिनाभर तारखा पडतील आणि तेवढ्यात ३डी निघेल. ३डी प्रसिद्ध झाली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते. त्यानंतर भांडण उरतं ते मुख्यतः पैशाचं.

लवादाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर. हरित लवाद कायदा, २०१० च्या अनुसूची १ मध्ये मोजके कायदे आहेत: पाणी, हवा, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता, सार्वजनिक दायित्व विमा. त्यात वन्यजीव संरक्षण कायदा नाही, आणि महाराष्ट्राचे वृक्षतोडीचे कायदेही नाहीत. म्हणजे "वृक्ष प्राधिकरणाने चुकीची परवानगी दिली" एवढाच मुद्दा असेल तर समोरचा वकील पहिल्याच दिवशी अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेईल. वनजमीन, सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र), ईआयए, क्रशरची धूळ किंवा ओढ्यात टाकलेला राडारोडा असा मुद्दा असेल तर पुण्याचं पश्चिम विभागीय खंडपीठ योग्य. मूळ अर्जासाठी, कलम १४, कारण घडल्यापासून सहा महिने, त्यावर सबळ कारण दाखवून आणखी ६० दिवस. परवानगीविरुद्ध अपील असेल, कलम १६, तर फक्त ३० दिवस आणि जास्तीत जास्त ६० वाढीव. ९१ व्या दिवशी काहीच करता येत नाही, उशीर माफ करण्याचा अधिकारच लवादाला नाही.

फक्त झाडांच्या परवानगीचा मुद्दा असेल तर हायकोर्टात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका. लवाद आहे म्हणून हायकोर्टाचे दरवाजे बंद होत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये मध्य प्रदेश हायकोर्ट बार असोसिएशनच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

नगरपरिषदेचा भाग आणि ग्रामीण भाग वेगळा धरा. नगरपरिषदेत १९७५ चा नागरी क्षेत्र झाडांचं संरक्षण व जतन कायदा लागतो: वर्तमानपत्रात जाहिरात, झाडावर नोटीस, सात दिवसांत हरकत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरची झाडं "पुरातन वृक्ष" ठरतात, आणि तोडलेल्या झाडाचं वय जेवढं तेवढी झाडं लावायची असतात. म्हणून वय ठरवण्याची पद्धत हरकतीत विचारा. ८० वर्षांचं झाड ३० चं लिहिलं की जबाबदारी निम्म्याहून खाली येते. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे, पण त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, साग, फणस, मोह अशा जाती आहेत. वड-पिंपळ त्यात नाहीत. तुमच्या चिंचांना कायद्याचा आधार आहे, वडांना तिथे तेवढा नाही. वडांसाठी आखणीचाच मुद्दा लढवा, साखळीक्रमांक यांनी लिहिलं आहे तसा.

आणि स्थगिती मागायची तर तोड सुरू व्हायच्या आधी. मुंबईत आरेमध्ये ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं पडली होती. याचिका फेटाळली जाण्याची शक्यता दिसत असेल तर सुनावणीच्या दिवशीच "अपिलासाठी काही दिवस जैसे थे ठेवा" अशी तोंडी विनंती करून ठेवायची. निकालानंतर अर्ज टंकलिखित करत बसायला वेळ नसतो.

---

गटनंबर१४

थोडा वेगळा सूर. या धाग्यात झाडं आणि जमीन एकाच हरकतीत घालायची चर्चा दिसते. तसं करू नका. ज्याची जमीन जाते त्याची हरकत स्वतंत्र, झाडांची हरकत ग्रामपंचायतीच्या ठरावासह स्वतंत्र. एकत्र केलं की मोबदल्यासाठी अडवणूक चालली आहे असं चित्र तयार होतं आणि दोन्ही मुद्दे पडतात.

जमिनीत खरा वाद "सध्याची हद्द २४ मीटर" या वाक्यात आहे. जुने रस्ते अनेक ठिकाणी संपादन न करताच रुंद झाले. सातबारावर ते क्षेत्र आजही शेतकऱ्याच्या नावावर आहे, कमी-जास्त पत्रक (संपादनानंतर क्षेत्रातला बदल नोंदवणारा भूमी अभिलेखाचा कागद) झालेलंच नाही. मग संयुक्त मोजणीत रस्त्याच्या मध्यापासून १२ मीटर "सरकारी" धरून फक्त त्यापलीकडचं संपादन दाखवतात. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा, गटाचा मोजणी नकाशा, फेरफार आणि कमी-जास्त पत्रकाची नक्कल मागा. कमी-जास्त पत्रक नसेल तर "या क्षेत्राचं पूर्वीचं संपादन दाखवा" एवढीच हरकत पुरे. ते सिद्ध करणं त्यांच्यावर येतं. मोजणीच्या दिवशी हजर राहा. विहीर, बोअर, पाइपलाइन, फळझाडं, बांध आणि शेड यांची नोंद मोजणीच्या पत्रकात नसेल तर मोबदल्याच्या निवाड्यातही नसते. चुकीच्या पत्रकावर सही करायची वेळ आलीच तर सहीखाली "हरकत राखून" आणि कारण लिहा.

३ए पासून एका वर्षात ३डी निघाली नाही तर अधिसूचना आपोआप संपते. पण कोर्टाच्या स्थगितीचा काळ त्या वर्षात धरला जात नाही. म्हणजे स्थगिती आणून वर्ष संपवू, ही कल्पना चालत नाही. निवाड्याची रक्कम पटली नाही तर ३जी(५) खाली लवाद. हा हरित लवाद नव्हे, केंद्राने नेमलेला भूसंपादनाचा लवाद, बऱ्याच ठिकाणी जिल्हाधिकारीच. दिलासा रक्कम (सोलेशियम, सक्तीच्या संपादनाबद्दलची जादा रक्कम) आणि व्याज महामार्ग कायद्यात मिळत नाही असं कोणी सांगितलं तर सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा तरसेम सिंग निकाल दाखवा.

---

मोरीआणिमुरूम

काम सुरू झाल्यावरचे मुद्दे कोणी लिहिले नाहीत. माझ्या मते लवादात सगळ्यात मजबूत प्रकरणं तिथेच उभी राहतात.

भरावाला लागणारा मुरूम कुठून येतो ते पाहा. रस्त्यासारख्या रेषीय प्रकल्पांना साध्या मातीच्या उत्खननासाठी पर्यावरण परवानगीतून दिलेली मार्च २०२० ची सरसकट सूट सुप्रीम कोर्टाने २१ मार्च २०२४ ला रद्द केली, नोबल पैकडा प्रकरणात. त्यामुळे गायरानातून, तलावाच्या काठावरून किंवा टेकडी पोखरून मुरूम उचलला जात असेल तर तहसीलदाराचा गौण खनिज परवाना, वाहतूक पास आणि पर्यावरण परवानगी (किंवा ती लागत नाही याचा लेखी आधार), तिन्ही मागा. फक्त रॉयल्टी भरल्याची पावती पुरेशी नाही. खड्ड्याचे फोटो अक्षांश-रेखांश आणि तारखेसह काढा, शेजारी उभी काठी ठेवा म्हणजे खोली कळते. हॉटमिक्स प्लांट, क्रशर आणि काँक्रीट प्लांट यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची अशी दोन वेगळी संमतीपत्रं लागतात. पहिलं घेऊन प्लांट चालू करणारे असतात.

मोऱ्यांकडे तर कोणी बघतच नाही. रस्ता मीटरभर उंच झाला आणि मोरी जुन्याच नळीची राहिली की वरच्या बाजूच्या शेतात पाणी तुंबतं. प्रत्येक मोरीचा साखळी क्रमांक, सध्याची नळी आणि नवी नळी याचा तक्ता अनुसूची बी मध्ये असतो. ९०० मिलिमीटरपेक्षा लहान नळ्या बदलून १,२०० च्या घालायच्या असतात. पावसाळ्यात पाणी कुठून कुठे जातं हे गावाला माहीत असतं, सल्लागाराने बहुधा उन्हाळ्यात पाहणी केलेली असते. ओढ्यांचा नकाशा ग्रामपंचायतीनेच करून द्यावा.

रस्ता अभयारण्यातून किंवा वन्यजीवांच्या येण्या-जाण्याच्या पट्ट्यातून जात असेल तर पेंचचं उदाहरण पुढे ठेवा. तिथे एनएच ४४ च्या रुंदीकरणावर वर्षानुवर्षं खटले चालले. त्यातून महाराष्ट्राच्या भागात प्राण्यांसाठी नऊ रचना झाल्या: चार लहान पूल आणि पाच भुयारी मार्ग, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत लांबीचे. रस्ता झाला आणि वाघांना खालून वाटही मिळाली.

---

वडाचीसावली

शेवटचा प्रश्न. अधिकारी म्हणतात की मोठे वड "पुनर्रोपण" करू. मान्य करावं का?

---

साखळीक्रमांक

घेर मोजल्याशिवाय हो म्हणू नका. जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर घ्या, ३.१४ ने भागलं की व्यास. मुळांचा गोळा व्यासाच्या साधारण दहापट रुंद लागतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाडाला ३ मीटर रुंद आणि १ मीटर खोल गोळा धरला तर सुमारे ७ घनमीटर माती, वजन ११ ते १३ टन, झाड वेगळं. हे क्रेनने होतं. एक मीटर व्यासाच्या वडाला हाच हिशोब लावला तर १० मीटरचा गोळा येतो, तो कोणत्याही ट्रेलरवर बसत नाही. मग गोळा लहान करतात, फांद्या छाटून बुंधा नेतात आणि लावतात. वड छाटणी सोसतो, त्यामुळे पालवी फुटते आणि फोटो निघतो, पण तुटपुंज्या मुळांवर पुढचे दोन उन्हाळे काढणं कठीण जातं.

लहान आणि मध्यम झाडांसाठी मान्य करा, या अटींवर: तोडीच्या काही महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने मुळं कापून तयारी, नवी जागा गट नंबरसह, तीन वर्षं पाणी, मेलेल्या झाडांची बदली आणि हे सगळं ठेकेदाराच्या बिलाशी जोडलेलं. २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्प खर्चाच्या १ टक्का रक्कम यासाठी धरलेली आहे, पैसे नाहीत हे कारण चालत नाही. नवी झाडं हद्दीच्या अगदी कडेला लावा आणि पुढच्या सहापदरीकरणाची जागा आत सोडली आहे का ते नकाशावर पाहा, नाहीतर तीच झाडं पुन्हा तोडीच्या यादीत येतील.

जुन्या वडांसाठी पुनर्रोपणाची संमती देऊ नका. त्या साखळ्यांची यादी करून एकतर्फी रुंदीकरण मागा. यादी तयार झाली की इथे टाका, आडवे छेद मी काढून देतो. २१ दिवसांतले किती उरलेत?

---

वडाचीसावली

नऊ. यादी रविवारपर्यंत टाकतो, मंगळवारी ग्रामसभा आहे, ठराव तिथेच घेऊ.